खप शून्य, की माल शून्य? छोट्या दवाखान्याचं औषध-स्टोअर मुक्त सॉफ्टवेअरवर आणताना

आमचं जुनं स्टॉक रजिस्टर उघडलं की एका ऑगस्टमध्ये सापाच्या इंजेक्शनपुढे, म्हणजे एएसव्हीपुढे, सलग अठरा दिवस शून्य दिसतं. वाचणाऱ्याला वाटेल, त्या दिवसांत कुणाला साप चावलाच नाही. चावला होता. कुप्याच नव्हत्या. आधी होलसेलरकडे माल नव्हता, आणि आला तेव्हा चांदसैली घाटात दरड पडलेली. येईल त्या पेशंटला सलाइन लावून लांबच्या वाटेने शहाद्याला पाठवत होतो.

पुढच्या वर्षी त्याच रजिस्टरवरून सरासरी काढून मागणी लिहिली. ज्या वर्षी कमी पडलं, त्याच वर्षाच्या आधारावर आणखी कमी मागवलं. ती मागणी मीच लिहिली होती, म्हणून हा लेख.

मी डी.फार्म. झालेली. धडगाव तालुक्यातल्या तीस खाटांच्या एका धर्मादाय दवाखान्याचं स्टोअर सांभाळते. वर पाड्यांमध्ये आमची चार छोटी उपकेंद्रं आहेत, त्यातल्या एकाला पावसाळ्यात नर्मदेतून बोटीनेच माल जातो. तुमच्याकडे आयटीवाला नसेल, इंटरनेट लहरी असेल आणि स्टोअर एक-दोन माणसांवर चालत असेल, तर पुढचं तुमच्या उपयोगाचं आहे. मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना यातलं बरंच बाळबोध वाटेल.

कुठलं सॉफ्टवेअर

यात महिना घालवू नका. ओपनएलएमआयएस हे खास औषध-पुरवठ्यासाठीच बनलेलं आहे आणि मोझांबिक, मलावीसारख्या देशांत चालतं, पण ते आरोग्य केंद्राकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून देशाकडे जाणाऱ्या मागण्यांसाठी आहे. एका दवाखान्याला तो हत्ती पोसवणार नाही. ओपनबॉक्सेस हे पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेच्या हैतीतल्या कामातून वाढलं आणि गोदामासाठी उत्तम आहे. बहमनी तर आपल्या शेजारचं, छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात आकाराला आलेलं. केसपेपर, लॅब आणि औषधं तिन्ही एकत्र हवं असेल तर तिकडे बघा. त्यातला स्टोअरचा भाग ओडू या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा आहे.

आम्ही ईआरपीनेक्स्ट घेतलं. ते मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, जीपीएल या मुक्त परवान्याखालचं. आम्हाला फक्त स्टोअर हवं होतं, जीएसटीची बिलं त्यात बसतात, आणि अडलं तर विचारायला आपल्याकडची माणसं सापडतात. ते दुकान-कारखान्यांसाठी बनलंय, त्यामुळे पहिल्यांदा उघडल्यावर पगारपत्रकापासून उत्पादनापर्यंत सगळं अंगावर येतं. पहिल्याच दिवशी स्टॉक आणि खरेदी सोडून बाकी सगळे विभाग स्टाफच्या नजरेआड करा.

कोड फुकट मिळतो, चालवणं फुकट नसतं. आम्ही जुना डेस्कटॉप घेतला, त्यात ८ जीबी रॅम आणि नवी एसएसडी टाकली, विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. धुळ्याच्या इंजिनिअरिंगच्या दोन मुलांनी दोन दिवस राहून ईआरपीनेक्स्ट बसवून दिलं. मशीन स्टोअरमध्येच आहे, शेजारी वायफाय राउटर. इंटरनेट नसलं तरी दवाखान्याच्या आवारात कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की स्क्रीन उघडते. क्लाउडवर ठेवलं असतं तर निम्मा पावसाळा आम्ही कागदावरच काढला असता. यूपीएसला मशीन आणि राउटर दोन्ही जोडा. राउटर विसरतात, मग दिवे गेल्यावर मशीन चालू आणि वॉर्डातले मोबाइल आंधळे.

एक बारीक गोष्ट, जिच्यात आमचा आठवडा गेला. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवर चपटी बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यानंतर मशीनचं घड्याळ कुठल्यातरी जुन्या तारखेला जातं. इंटरनेट असेल तर ते आपोआप सुधारतं, आमच्याकडे कुठून सुधारणार? सकाळी एन्ट्री करायला गेले तर सॉफ्टवेअर म्हणे, माल शिल्लकच नाही. समोर रॅकवर डबे दिसताहेत! त्या तारखेला खरंच माल नव्हता, कारण मशीनच्या हिशेबाने आम्ही काही वर्षं मागे होतो. बॅटरी घड्याळजीकडेसुद्धा मिळते. बदलून टाका, आणि सकाळी मशीन सुरू केल्यावर आधी कोपऱ्यातली तारीख वाचा.

नावांची यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. होलसेलरकडून हजार-बाराशे नावांची यादी आयती मिळते, ती तशीच चढवायचा मोह आवरा. आमच्या रॅकवर खरोखर असतात २१४ वस्तू. तेवढ्याच चढवल्या.

आयटम म्हणजे औषधाचं मूळ नाव, प्रकार आणि ताकद: 'पॅरासिटामॉल गोळी ५०० मिग्रॅ'. ब्रँड नाही. ब्रँडनावाने आयटम केले की एकाच औषधाचे पाच आयटम होतात. एक संपला की मागणी निघते, दुसऱ्याचे चार डबे मागे धूळ खात असतात.

मोजायचं एकक सर्वांत लहान घ्या: गोळी, कुपी, पाकीट, बाटली. स्ट्रिप आणि बॉक्स हे खरेदीचं एकक म्हणून वेगळं देता येतं आणि रूपांतर सॉफ्टवेअर करतं. पण स्ट्रिपमध्ये दहाच गोळ्या असतात असं गृहीत धरू नका. पॅरासिटामॉल ६५०ची स्ट्रिप पंधराची येते. आमच्या पहिल्या महिन्यात शंभर स्ट्रिपा शंभर गोळ्या म्हणून चढल्या होत्या, आणि दुपारपर्यंत औषध 'संपलं'.

आता फार महत्त्वाचं. आयटम बनवतानाच 'हॅज बॅच नंबर' आणि 'हॅज एक्स्पायरी डेट' या दोन चौकटींवर टिक करा. एकदा त्या आयटमचा माल आत आला की बॅचची चौकट बदलता येत नाही, मूळ एककही बदलत नाही. आम्ही ओआरएसला बॅच कशाला म्हणून ती सोडली होती. शेवटी तो आयटम बंद करून नवा काढावा लागला.

मुदतीची तारीख कशी भरायची हे स्टाफला फळ्यावर लिहून द्या. पाकिटावर फक्त महिना-वर्ष असतं, सॉफ्टवेअर पूर्ण तारीख मागतं. ०८/२०२७ लिहिलं असेल तर औषध ३१ ऑगस्टपर्यंत चालतं. पोरं सवयीने १ ऑगस्ट टाकतात, आणि चांगलं औषध महिनाभर आधी बाद होतं.

जागा आणि पहिली मोजणी

सॉफ्टवेअरमध्ये 'वेअरहाउस' म्हणजे माल असू शकतो अशी प्रत्येक जागा. मुख्य स्टोअर, ओपीडीची खिडकी, वॉर्ड, लेबर रूम, चार उपकेंद्रं आणि एक 'बाद माल'. ही शेवटची जागा विसरू नका. मुदत संपलेलं औषध त्याच रॅकवर राहिलं की हिशेबात साठा फुगलेला दिसतो.

मोजणी रविवारी, ओपीडी बंद असताना. एकाने डबा हातात घेऊन बॅच, मुदत, आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचं. रजिस्टर त्या दिवशी कपाटात कुलूपबंद. समोर रजिस्टर असलं की हात आपोआप त्यातल्या आकड्याशी जुळवून मोजतो. मोजलेलं 'स्टॉक रिकन्सिलिएशन'मध्ये ओपनिंग स्टॉक म्हणून चढवा.

आमच्याकडे स्टोअरचे काका बावीस वर्षं रजिस्टर लिहीत होते. मोजणीत सेफ्ट्रायाक्सोनच्या तीसेक कुप्या कमी भरल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या कुप्या रात्री वॉर्डात गेल्या होत्या आणि कुणी लिहिल्या नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही ठरवून टाकलं: पहिले तीन महिने तुटीबद्दल कुणालाही विचारायचं नाही, फक्त आकडा दुरुस्त करायचा. आता तूट निघाली की सगळ्यात आधी काकाच शोधायला बसतात.

'अलाउ निगेटिव्ह स्टॉक', म्हणजे शिल्लक नसतानाही माल गेल्याची नोंद करू देणारी सोय, मात्र कायम बंद ठेवा. घाईच्या वेळी ती सुरू करायचा सल्ला कुणीतरी देईलच.

रोजचं

माल आला की चलनाशी ताडून 'परचेस रिसीट'. होलसेलर दहावर एक फुकट देतो, तो अकरावा डबाही शून्य दराने चढवा. स्टोअरमधून वॉर्डला गेला की 'मटेरियल ट्रान्सफर', पेशंटला दिला की 'मटेरियल इश्यू'. प्रत्येक पेशंटच्या नावाने नोंद सुरुवातीला करूच नका. ओपीडीच्या खिडकीवर छापील कागदावर दांड्या ओढायच्या आणि संध्याकाळी एकच बेरजेची एन्ट्री. शेड्यूल एच-१चं, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक वगैरे औषधांचं, रजिस्टर आणि कायद्याने लागणारी इतर रजिस्टरं जशी होती तशीच ठेवा, संगणक आला म्हणून ती सुटत नाहीत.

आधी संपणारी बॅच आधी, हे सॉफ्टवेअर सुचवतं, पण हात रॅककडे जातो. म्हणून नवा माल नेहमी मागे लावायचा आणि सहा महिन्यांच्या आत संपणाऱ्या डब्यावर लाल मार्करने महिना लिहायचा. लाल डबा दिसला की कुणी स्क्रीन बघत बसत नाही, तोच आधी उचलला जातो. देणगीत येणाऱ्या औषधांचा मोह टाळा. जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत असा की देणगीचं औषध पोचताना त्याची किमान वर्षभर मुदत बाकी हवी. दोन महिन्यांची मुदत उरलेलं टॉनिक घेऊन देणाऱ्याचं कपाट रिकामं होतं आणि आपल्याकडे 'बाद माल' वाढतो.

खरी पंचाईत रात्रीची. दोन वाजता घोणस चावलेला माणूस येतो, नर्सताई दहा कुप्या फोडतात, त्या वेळी कोण एन्ट्री करणार? करूही नये. आम्ही वॉर्डात बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवलाय. काचेची कुपी नेहमीप्रमाणे कचऱ्याच्या नियमाने जाते, पण तिचं बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं या डब्यात टाकायचं. त्यावर बॅच छापलेली असते, मुदतही. सकाळी मी डबा उपडा करते, खोकी बॅचप्रमाणे लावते, मोजते आणि एन्ट्री होते. आमची सगळी शिस्त त्या डब्यावर उभी आहे. नर्सताईंना कागद लिहायला सांगितलं तेव्हा निम्म्या नोंदी गळत होत्या, खोकं टाकायला सांगितल्यापासून क्वचितच गळते.

सरासरी, आणि ते शून्य

'रीऑर्डर लेव्हल' भरून ठेवली की साठा त्याखाली गेल्यावर सॉफ्टवेअर आपोआप मागणीचा कागद तयार करतं. ही लेव्हल कशी काढायची, हे ते सांगत नाही. ते आपलं काम.

आमच्या त्या पावसाळ्याचंच उदाहरण घ्या. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. एएसव्हीच्या १५६ कुप्या गेल्या. सरळ भागलं तर महिन्याला ३८ पडतात. पण १८ दिवस रॅक रिकामा होता. ते वजा करा, उरले १०४ दिवस. १५६ भागिले १०४ म्हणजे दिवसाला दीड, महिन्याला ४५. फरक सात कुप्यांचा, आणि एका पेशंटला सुरुवातीलाच आठ-दहा लागतात.

रॅक किती दिवस रिकामा होता हे स्टॉक लेजरमध्ये दिसतं. शिल्लक शून्य झाल्याची तारीख आणि पुढच्या आवकेची तारीख, मधले दिवस मोजा. आता ही दुरुस्ती मी प्रत्येक औषधाला करते. साध्या औषधांना महिन्याच्या हिशेबाने केली तरी चालते: सहा महिन्यांत एक महिना माल नसेल तर भागाकार पाचाने.

पण लेजरला एक गोष्ट कळत नाही: त्या रिकाम्या दिवसांत किती जणांनी मागितलं. त्यासाठी आम्ही ईआरपीनेक्स्टमध्येच एक छोटा फॉर्म बनवला, नाव दिलं 'मागितलं, नव्हतं'. कोड लिहावा लागत नाही, नवा डॉकटाइप, म्हणजे फॉर्मचा साचा, काढून चार रकाने ओढले की झालं: तारीख, औषध, किती हवं होतं, त्याऐवजी काय दिलं किंवा कुठे पाठवलं. विश्वस्तांच्या बैठकीत मी आता साठ्याच्या तक्त्याआधी हीच यादी काढते. पैशांची चर्चा मग लांबत नाही.

मग लेव्हल. होलसेलरला सांगितल्यापासून माल हातात पडेपर्यंत कोरड्या दिवसांत आम्हाला बारा दिवस लागतात, पावसाळ्यात पंचवीस. इथे सरासरी घ्यायची नाही, वाईटातला वाईट आकडा घ्यायचा. दीड गुणिले पंचवीस म्हणजे ३८. त्यावर हाताशी राखीव. एएसव्हीला मी राखीव साठा कुप्यांत मोजत नाही, पेशंटमध्ये मोजते. एकाच रात्री दोन पेशंट आले तर? वीस कुप्या. ३८ अधिक २०, झाले ५८, आम्ही ६० धरतो. साठाला पोचलो की मागणी गेलीच पाहिजे, मग ऑगस्ट असो की मे.

सगळी औषधं अशी मोजत बसलात तर वेड लागेल. डॉक्टरांना बसवून यादीचे तीन भाग करा: नसेल तर माणूस दगावेल अशी, हवीच अशी, आणि नसली तरी चालेल अशी. आमच्या पहिल्या भागात २६ औषधं आहेत: एएसव्ही, ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट, ॲड्रिनालिन वगैरे. एवढा बारीक हिशेब फक्त त्यांचा. दर शुक्रवारी ती २६ आणि उरलेल्यांपैकी कुठलीही दहा प्रत्यक्ष मोजून स्क्रीनशी ताडतो. तासाभरात होतं.

आणि आपल्या भागाचं वर्ष ओळखा, कॅलेंडरचं वर्ष उपयोगाचं नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर माणसं मजुरीला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. हिवाळ्यात ओपीडी ओस असते. त्या तिमाहीच्या सरासरीवर मार्चची मागणी केली तर होळीच्या आठवड्यातच रॅक रिकामा. उलट सिकलसेलच्या पेशंटचं हायड्रॉक्सियुरिया आणि फोलिक ॲसिड माणसागणिक मोजायचं. इतके पेशंट, इतक्या गोळ्या. आणि मजुरीला जाणाऱ्याला जाताना तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून द्यायच्या, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकडा एकदम उसळतो. ही उसळी बघून घाबरून पुढची मागणी वाढवू नका.

वरची उपकेंद्रं

तिथे मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. तिथे संगणक देऊ नका. प्रत्येक डब्यामागे एक पुठ्ठ्याचं कार्ड: आलं, गेलं, शिल्लक. पंधरा दिवसांतून एकदा ताई कार्डांचे फोटो काढतात आणि बाजाराच्या दिवशी खाली आल्या की व्हॉट्सॲपवर पाठवतात. आम्ही इथे एन्ट्री करतो. प्रत्येक वस्तूचा कमाल आकडा ठरलेला आहे, शिल्लक वजा करून उरलेलं भरायचं. मागणीपत्र नाही, मंजुरी नाही.

पावसाळ्याआधीची भरती वेगळी. मेच्या शेवटी प्रत्येक उपकेंद्राला तीन महिन्यांचा माल जातो: ओआरएस, झिंक, अमॉक्सिसिलिनच्या विरघळणाऱ्या गोळ्या. बोटीने जाणारी खोकी प्लास्टिकच्या ड्रममध्ये, झाकणाला टेप. त्या मालाच्या मुदती निदान डिसेंबरपर्यंतच्या आहेत ना, हे पाठवण्याआधी बॅच-रिपोर्टमध्ये बघून घ्या. ऑक्सिटोसिन यातून वगळलंय. त्याला २ ते ८ अंश लागतात आणि वरच्या फ्रीजचा भरवसा नाही, म्हणून ते महिन्याच्या महिन्याला थंड पेटीतून थोडं थोडं जातं. एएसव्हीची पावडर असेल तर लेबल वाचा, बऱ्याच कंपन्यांच्या पावडरीला फ्रीज लागत नाही.

बॅकअप

मशीन बंद पडणारच, त्याच्या आधी ठरवून ठेवा. आमचं 'बेंच बॅकअप', म्हणजे ईआरपीनेक्स्टचा स्वतःचा बॅकअप, रोज रात्री आपोआप होतं आणि शनिवारी मी ते पेनड्राइव्हवर उतरवते. दोन पेनड्राइव्ह आहेत, एक स्टोअरच्या कपाटात आणि दुसरा शनिवारच्या जीपने शहाद्याला माझ्या भावाकडे. पुढच्या शनिवारी अदलाबदल.

पहिल्या वर्षी बॅकअप घेत होतो पण उघडून कधी बघितला नव्हता. दुसऱ्या लॅपटॉपवर चढवून पाहिला तेव्हा आकडे सगळे आले, पण स्कॅन करून जोडलेली बिलं एकही नाही. फाइलींसकट बॅकअप घ्यायचा पर्याय वेगळा असतो, तो लावलाच नव्हता. आता दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर चढवतो आणि एएसव्हीची शिल्लक दोन्हीकडे तीच दिसते का, हे काका मोठ्याने वाचतात. मशीन कसं सुरू करायचं, पासवर्डचं पाकीट कुठे आहे, राउटर कुठला, हे दोन पानांवर हाताने लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. गेल्या वर्षी मी बाळंतपणाच्या रजेवर होते, तेव्हा काकांनी त्या दोन पानांवर पाच महिने काढले. परत आले तेव्हा पानांवर पेन्सिलीने एक ओळ वाढली होती: 'आधी तारीख बघा'.